मेमरी मॅपिंग फुकट नसते, ते उधारीवर असते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान पुरवणीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे हार्डवेअर आणि मेमरी सांभाळणाऱ्या तिच्या गाभ्यावर, लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. मराठी वृत्तपत्रात पेज टेबलाबद्दल, म्हणजे प्रोग्रॅमचा कोणता पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे हे सांगणाऱ्या तक्त्याबद्दल, वाचायला मिळणे ही रोजची गोष्ट नव्हे. मात्र त्यातले एक विधान आणि त्याला जोडून दिलेला सल्ला यांबद्दल लिहिणे आम्हाला भाग वाटते. तो सल्ला वाचून कुणी चालत्या सर्व्हरवर बदल केले, तर वेग वाढण्याऐवजी घटण्याची शक्यता बरीच आहे. लेखाचे म्हणणे असे होते की, फाइल ‘रीड’ने वाचण्याऐवजी ‘एममॅप’ने मेमरीत जोडली (म्हणजे ती प्रोग्रॅमच्या पत्त्यांवर थेट दिसू लागते) की कर्नलकडून प्रोग्रॅमकडे डेटाची नक्कल करणे टळते, म्हणून हा मार्ग नेहमीच वेगवान असतो. त्यातूनही वेग कमी पडला, तर ह्यूज पेजेस (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा; नेहमीच्या ४ केबीऐवजी ही २ एमबीची) चालू करावीत. पहिले अर्धसत्य आहे. दुसरे सरसकट लागू केले तर नुकसान करते.

नक्कल टळते हे खरेच. पण मॅपिंगचा सारा व्यवहार उधारीचा असतो. लिनक्समध्ये १ जीबीची फाइल ‘एममॅप’ केली की हाक (सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेली मागणी) जवळजवळ लगेच परतते, कारण कर्नल त्या वेळी काहीच आणत नाही. ‘या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत ही फाइल, वाचण्याची परवानगी’ एवढीच नोंद तो करतो. या नोंदीला व्हीएमए, म्हणजे पत्त्यांचा एक पट्टा, म्हणतात. पेज टेबल तेव्हा कोरेच असते. प्रोग्रॅमने त्या पट्ट्यातल्या एखाद्या पेजला पहिला हात लावला की पेज फॉल्ट होतो. प्रोसेसर प्रोग्रॅम सोडून कर्नलमध्ये शिरतो, व्हीएमए शोधतो, पेज कॅशमध्ये (वाचलेल्या फाइलींच्या मेमरीतल्या साठवणीत) पेज आहे का पाहतो, पेज टेबलात नोंद लिहितो आणि परत येतो. उधारीचा हप्ता इथे वसूल होतो.

हा हप्ता किती? पेज ४ केबीचे धरले तर १ जीबीत २,६२,१४४ पेजेस बसतात. पेज आधीच मेमरीत असेल तर त्या फॉल्टला मायनर फॉल्ट म्हणतात, आणि तोही यंत्रानुसार काहीशे नॅनोसेकंदांपासून एका मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ खातो. आता सेकंदाला १० जीबी या वेगाने ४ केबीची नक्कल करायला लागतात सुमारे ०.४ मायक्रोसेकंद. म्हणजे जी नक्कल वाचवली म्हणून आपण खूश होतो, तिच्याइतकाच किंवा जास्त खर्च फॉल्टमध्ये जाऊ शकतो. फाइल एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायची असेल तर मोठ्या बफरने केलेले साधे ‘रीड’ अनेकदा बरोबरीने चालते, कधी पुढेही जाते. मॅपिंगचा फायदा होतो तो तीच पेजेस पुन्हा पुन्हा वापरली जातात तेव्हा, किंवा अनेक प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) एकच फाइल वाटून घेतात तेव्हा. पहिला हप्ता भरला की पुढचे वापर मोकळे असतात.

कर्नलच्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणूनच २०१४ साली आलेल्या लिनक्सच्या ३.१५ आवृत्तीत ‘फॉल्ट-अराउंड’ आले. एका पेजवर फॉल्ट झाला की आजूबाजूची, आधीच पेज कॅशमध्ये असलेली पेजेसही त्याच फेरीत जोडून टाकायची. मूळ मर्यादा ६४ केबीची, म्हणजे १६ पेजेसची. त्यामुळे वरच्या उदाहरणातले फॉल्ट उत्तम परिस्थितीत १६,३८४ वर येतात. पण ही सवलत फाइलच्या वाचनापुरतीच आहे. लिहिण्याच्या फॉल्टला ती नाही, आणि ‘मॅलॉक’ने (प्रोग्रॅमला मेमरी देणाऱ्या सी भाषेतल्या फंक्शनने) घेतलेल्या, फाइलशी संबंध नसलेल्या मेमरीलाही नाही.

पेज डिस्कवर असेल तर मेजर फॉल्ट होतो आणि गणित पूर्ण बदलते. इथे एक चूक वारंवार दिसते. मॅप केलेल्या फाइलमध्ये कुठेही उड्या मारत शोध घेणारा प्रोग्रॅम असेल आणि कर्नलला तसे सांगितले नसेल, तर कर्नल प्रत्येक मेजर फॉल्टला भोवतालचा १२८ केबीपर्यंतचा भाग वाचून आणतो. हवे होते ४ केबी, आले त्याच्या ३२ पट. डिस्क दमते, आणि नको असलेली पेजेस कामाच्या पेजेसना कॅशमधून हुसकावतात. उपाय एका ओळीचा आहे, मेमरी कशी वापरणार हे कर्नलला सांगणाऱ्या हाकेचा. ‘एमअ‍ॅडव्हाइज’ने त्या पट्ट्याला ‘रँडम’ हा सल्ला द्यायचा. सरळ क्रमाने वाचन असेल तर ‘सिक्वेन्शियल’, आणि कोणता भाग लवकरच लागणार हे माहीत असेल तर ‘विलनीड’.

हप्ते एकरकमी भरून टाकण्याचीही सोय आहे. ‘एममॅप’ला ‘पॉप्युलेट’ हा झेंडा (फ्लॅग, म्हणजे जादा सूचना) दिला की सगळी पेजेस तिथल्या तिथे जोडली जातात आणि ऐन कामाच्या वेळी फॉल्ट येत नाहीत. पण यात दोन खड्डे आहेत. पेजेस भरता आली नाहीत तरी ‘एममॅप’ यशस्वी झाल्याचेच सांगते. म्हणून कर्नलच्या ५.१४ आवृत्तीपासून उपलब्ध असलेले ‘पॉप्युलेट रीड’ आणि ‘पॉप्युलेट राइट’ हे एमअ‍ॅडव्हाइजचे प्रकार वापरावेत, ते चूक स्पष्ट कळवतात. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. एकाहून अधिक सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या जागांच्या) यंत्रावर पेज प्रोसेसरच्या ज्या कोअरवरून (गणना करणाऱ्या भागावरून) पहिल्यांदा हाताळले जाते, त्या कोअरच्या जवळच्या मेमरीत ते सहसा बसते. सुरुवातीला एकाच थ्रेडने (प्रोग्रॅममधल्या एका समांतर धाग्याने) सगळे भरून ठेवले की सगळी मेमरी एका सॉकेटच्या बाजूला जमा होते आणि दुसऱ्या बाजूचे थ्रेड जन्मभर लांबून पाणी भरत राहतात. प्रत्येक थ्रेडने आपापला भाग भरावा, हे बरे.

लिहिण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. सामायिक मॅपिंगमधून फाइलमध्ये लिहिताना स्वच्छ (न बदललेल्या) पेजवरचा पहिला लेखनफॉल्ट फाइल सिस्टिमपर्यंत जातो, कारण डिस्कवर जागा राखून ठेवायची असते. नंतर कर्नलने ते पेज डिस्कवर उतरवले की तो पेज टेबलातली लिहिण्याची परवानगी काढून घेतो, आणि पुढच्या लेखनाला पुन्हा फॉल्ट. डिस्कवर उतरवणारे काम मूळ मांडणीत दर ५ सेकंदांनी जागे होते आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी मळकी (बदललेली, पण डिस्कवर न उतरवलेली) पेजेस उचलते. त्यामुळे मॅप केलेल्या फाइलमध्ये सतत लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ठरावीक अंतराने विलंबाचे उंचवटे दिसतात आणि कारण सापडत नाही. लॉग लिहिण्यासाठी साधे ‘राइट’ वापरा, असे आम्ही ठामपणे सांगू. डेटाबेसलाही हेच लागू आहे. मेमरीपेक्षा डेटा मोठा झाला की कोणते पेज काढायचे हा निर्णय कर्नलच्या हाती जातो आणि डिस्कची चूक ‘सिगबस’ या, सहसा प्रोग्रॅम बंद पाडणाऱ्या, सिग्नलच्या रूपाने अंगावर येते. मोंगोडीबी या डेटाबेसने आपले मॅपिंगवर आधारलेले जुने साठवण-इंजिन ४.२ आवृत्तीत, २०१९ साली, काढूनच टाकले.

आता कुलपाचा, म्हणजे अनेक थ्रेडनी एकाच वेळी एकच माहिती बिघडवू नये म्हणून लावायच्या लॉकचा, प्रश्न. कर्नलमधली गेल्या काही वर्षांतली सर्वांत महत्त्वाची सुधारणा इथे झाली आणि लेखात तिचा उल्लेखही नव्हता, ही आमची खरी खंत आहे.

एका प्रोसेसच्या सगळ्या मॅपिंगवर मिळून एकच कुलूप असे. पूर्वी त्याचे नाव ‘एममॅप सेम’, ५.८ पासून ‘एममॅप लॉक’. फॉल्ट घेणारे थ्रेड ते वाचनासाठी धरत आणि ‘एममॅप’, ‘एमअनमॅप’ (मॅपिंग मोडणे), ‘एमप्रोटेक्ट’ (परवानग्या बदलणे) करणारे लेखनासाठी. वाचणारे कितीही एकत्र आत जाऊ शकतात, मग अडते कुठे? वाचनासाठी धरायचे तरी एका सामायिक गणकात भर घालावी लागते, आणि ६४ कोअर एकाच कॅश लाइनसाठी (प्रोसेसरच्या जलद साठवणीतल्या एका कप्प्यासाठी) ओढाताण करू लागले की तेवढ्यानेच वेग मरतो. त्यात एखादा लेखक रांगेत उभा राहिला की त्याच्या मागून आलेले वाचकही थांबतात. म्हणजे एका थ्रेडच्या छोट्याशा ‘एमप्रोटेक्ट’साठी बाकी सगळ्यांचे फॉल्ट खोळंबतात.

हे सोडवण्यासाठी आधी पाया बदलावा लागला. व्हीएमए पूर्वी रेड-ब्लॅक ट्री (शोधासाठीची झाडासारखी रचना) आणि सोबत एक जोडसाखळी अशा दुहेरी रचनेत ठेवलेले असत. डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ आवृत्तीत त्यांची जागा कर्नल-विकसक लियाम हॉवलेट आणि मॅथ्यू विलकॉक्स यांच्या मेपल ट्रीने घेतली. हे बी-ट्रीच्या जातीचे झाड आहे. एका गाठीत अनेक पट्टे मावतात, म्हणून शोधताना पॉइंटरमागून पॉइंटर अशा उड्या कमी आणि कॅश चुकण्याचे प्रसंगही कमी. त्याहून मोलाचे म्हणजे, आरसीयूच्या (वाचणाऱ्यांना न अडवण्याच्या कर्नलमधल्या पद्धतीच्या) आधाराने कुलूप न धरता ते वाचता येते. त्यावर २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीत सुरेन बगदासारियन यांचे दर-व्हीएमए कुलूप उभे राहिले. फॉल्ट आता झाडातून आपला पट्टा शोधतो, फक्त त्या पट्ट्याचे कुलूप वाचनासाठी धरतो आणि काम उरकतो. पट्टा नेमका त्याच वेळी बदलत असेल तर जुन्या मोठ्या कुलपाकडे वळतो. यातली एक युक्ती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. व्हीएमएमधला क्रमांक आणि प्रोसेसचा क्रमांक सारखे असले म्हणजे तो पट्टा लेखनासाठी बंद. काम झाल्यावर प्रोसेसचा क्रमांक एकाने वाढवला की बंद केलेले सगळे पट्टे एका झटक्यात उघडतात, एकेक कुलूप काढत बसावे लागत नाही. सुरुवातीला ही सोय फाइलशी संबंध नसलेल्या मेमरीपुरती होती. फाइल, स्वॅप (डिस्कवर हलवलेली मेमरी) वगैरे फॉल्टना ती ६.६ पर्यंत मिळाली.

म्हणून अनेक थ्रेडचा, मेमरी सतत घेणारा-सोडणारा प्रोग्रॅम जुन्या कर्नलवर अडत असेल तर इतर काही करण्याआधी ६.६ किंवा त्यापुढच्या कर्नलवर मोजून पाहा. मात्र प्रोग्रॅम लेखनकुलूपच सतत मागत असेल तर नवा कर्नलही थकेल. त्याची नेहमीची उगमस्थाने तपासावीत. ग्लिब्सी या लिनक्सवरच्या प्रचलित सी लायब्ररीचे ‘मॅलॉक’ मूळ मांडणीत १२८ केबी किंवा त्याहून मोठी मागणी थेट ‘एममॅप’कडे पाठवते (ही मर्यादा वापरानुसार वाढत जाते), आणि थ्रेडचे स्वतंत्र अरीना (मेमरीचे साठे) थोडेथोडे वाढवताना ‘एमप्रोटेक्ट’ करते. क्षणभर जगणारे थ्रेड सतत जन्माला घातले तर प्रत्येकाच्या स्टॅकमागे हाच प्रकार संभवतो, त्यापेक्षा थ्रेड पूल (पुन्हा पुन्हा वापरायच्या थ्रेडचा ताफा) ठेवावा. देखरेखीची साधनेही तपासा. दर काही सेकंदांनी ‘एसमॅप्स’ (प्रोसेसच्या मेमरीचा तपशील देणारी कर्नलची फाइल) वाचणारे साधन मोठ्या प्रोसेसची सगळी पेज टेबले चाळते आणि तेवढा वेळ कुलपाशी झोंबते. एकूण मेमरीचा आकडाच हवा असेल तर ‘स्टॅटएम’ ही फाइल पुरे.

पट्ट्यांच्या संख्येलाही मर्यादा आहे. ‘मॅक्स मॅप काउंट’ची मूळ किंमत ६५,५३०. ती ओलांडली की भरपूर मेमरी मोकळी असतानाही ‘मेमरी नाही’ असे उत्तर येते, आणि लोक नवी मेमरी विकत घेतात. बहुधा कारण असते ते संरक्षक पेजेसचे, म्हणजे चुकून हात लागू नये म्हणून बंद ठेवलेल्या पेजेसचे. मोठ्या पट्ट्याच्या मध्येच ‘एमप्रोटेक्ट’ने एक पेज बंद केले की एकाचे तीन पट्टे होतात. ६.१३ मध्ये एमअ‍ॅडव्हाइजमध्ये ‘गार्ड इन्स्टॉल’ आले. त्याने ही खूण थेट पेज टेबलात बसते आणि पट्टा फुटत नाही. स्वतःचे मेमरी अ‍ॅलोकेटर लिहिणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

मॅपिंग मोडण्याचाही खर्च असतो. पत्त्यांची भाषांतरे प्रत्येक कोअर आपल्या टीएलबीत (भाषांतरांच्या छोट्या जलद साठवणीत) जपून ठेवतो. एका थ्रेडने ‘एमअनमॅप’ केले की त्या प्रोसेसचे थ्रेड ज्या ज्या कोअरवर चालू आहेत, त्या सगळ्यांना ‘जुनी भाषांतरे पुसा’ असा निरोप जावा लागतो. एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरांवर हा निरोप बहुतेक यंत्रांत इंटरप्ट (चालू काम थांबवणारा संकेत) पाठवून जातो. आर्म६४ प्रोसेसरांवर त्यासाठी हार्डवेअरचीच प्रसारण-सूचना आहे. एक्स८६ वर ३३ पेजेसपर्यंत कर्नल एकेक नोंद पुसतो, त्याहून जास्त असतील तर त्या प्रोसेसची सगळी भाषांतरे पुसून मोकळा होतो. तेव्हा चिमूटचिमूट मेमरी परत करणे टाळावे. मोठा तुकडा एकदम सोडावा, नाहीतर जवळ ठेवून पुन्हा वापरावा. कर्नलची माहिती देणाऱ्या ‘प्रोक’खालच्या ‘इंटरप्ट्स’ फाइलमध्ये टीएलबीची ओळ असते. १० सेकंदांच्या अंतराने ती दोनदा वाचली की त्रास आहे की नाही ते कळते. परत करताना ‘एमअ‍ॅडव्हाइज’चा ‘फ्री’ प्रकार (गरज पडली तर घ्या) ‘डोंटनीड’पेक्षा (लगेच घ्या) स्वस्त पडतो, पण पेजेस गरज पडेपर्यंत प्रोसेसच्याच खात्यावर दिसतात. गो भाषेने १.१२ मध्ये ‘फ्री’ स्वीकारले आणि १.१६ मध्ये पुन्हा ‘डोंटनीड’ धरले ते याच गोंधळामुळे. वापर उतरलेला दिसत नसे आणि मेमरी गळते आहे असा समज होई.

आता ह्यूज पेजेस. त्यांचा फायदा निर्विवाद आहे. इंटेलच्या स्कायलेक पिढीत दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १,५३६ नोंदी. ४ केबीच्या पेजेसनी त्या जेमतेम ६ एमबी झाकतात, २ एमबीच्या पेजेसनी ३ जीबी. व्हर्च्युअल मशीनमध्ये फरक आणखी मोठा, कारण तिथे चुकलेल्या एका भाषांतरासाठी मेमरीच्या ४ ऐवजी २४ पर्यंत फेऱ्या होतात. पेज टेबलांच्या आकाराकडे तर फारसे कुणी पाहतच नाही. ६४ जीबी सामायिक मेमरी एका प्रोसेसने ४ केबीच्या पेजेसनी पूर्ण जोडली तर शेवटच्या पातळीची टेबलेच १२८ एमबी होतात. अशा ५०० प्रोसेस असल्या तर नुसत्या टेबलांत सुमारे ६२ जीबी गडप. २ एमबीची पेजेस वापरली की तोच हिशेब दर प्रोसेस २५६ केबीवर येतो. पोस्टग्रेएसक्यूएलसारखा अनेक प्रोसेसचा डेटाबेस चालवणाऱ्यांनी ‘प्रोक’खालच्या ‘मेमइन्फो’तली ‘पेजटेबल्स’ ओळ आजच पाहावी. ६४ जीबीसाठी ३२,७६८ ह्यूज पेजेस लागतात आणि ती यंत्र सुरू होतानाच राखून ठेवणे बरे. नंतर मेमरी विखुरते आणि पुरेशी सलग जागा मिळेलच असे नाही.

ही झाली राखून ठेवलेली पेजेस. लेखातला सल्ला होता ‘ट्रान्सपरंट ह्यूज पेज’ (कर्नलने आपणहून ह्यूज पेजेस देण्याची सोय) सगळ्यांसाठी ‘ऑलवेज’ करण्याचा, आणि आमचा आक्षेप त्याला आहे. २ एमबी पेज पहिल्या स्पर्शाला पूर्ण शून्यांनी भरावे लागते. सलग जागा नसेल आणि ‘डीफ्रॅग’ची (मेमरी सलग करण्याची) मांडणीही आक्रमक असेल, तर फॉल्टच्या मध्येच मेमरीची सरकासरकी सुरू होते. ‘व्हीएमस्टॅट’मधला ‘कॉम्पॅक्ट स्टॉल’ हा गणक तेव्हा चढू लागतो. रेडिस या डेटाबेससारखा प्रोग्रॅम ‘फोर्क’ करून (स्वतःची जुळी प्रोसेस काढून) डेटा जतन करतो, तेव्हा ५.८ आधीच्या कर्नलवर एका बाइटच्या बदलासाठी ४ केबीऐवजी २ एमबीची नक्कल होत असे. रेडिसचे स्वतःचे मार्गदर्शन ही सोय बंद ठेवा असेच सांगते. आमच्या मते ‘ऑलवेज’ऐवजी सुरक्षित मांडणी ‘एमअ‍ॅडव्हाइज’ ही आहे. ज्या पट्ट्याला खरोखर गरज आहे, त्याने मागून घ्यावे. ६.८ पासून १६ किंवा ६४ केबीसारखे मधले आकारही फाइलशी संबंध नसलेल्या मेमरीला मिळू लागले आहेत. अनेक कामांना २ एमबीपेक्षा ते अधिक मानवतात.

सरसकट बदलाची किंमत खुद्द कर्नललाही मोजावी लागली आहे. ६.७ मध्ये एक बदल आला. २ एमबी किंवा त्याहून मोठे, फाइलशी संबंध नसलेले मॅपिंग २ एमबीच्या सीमेवरच सुरू करायचे, म्हणजे ह्यूज पेज सहज बसेल. तर्क निर्दोष वाटतो. पण स्पेक या वेग मोजण्याच्या चाचणीसंचातला कॅक्टसबीएसएसएन हा प्रोग्रॅम काही यंत्रांवर ६०० टक्क्यांपर्यंत मंदावला. तो ४,६३२ केबीची पुष्कळ मॅपिंग करतो. पूर्वी ती एकाला एक चिकटून, विलीन होऊन, एक मोठा पट्टा बनत आणि त्यात ह्यूज पेजेस छान बसत. आता प्रत्येक तुकडा वेगळ्या सीमेवर, मध्ये फटी, आणि सगळ्यांची सुरुवात सारख्याच ठिकाणी असल्याने टीएलबी किंवा कॅशच्या त्याच त्याच खणांसाठी भांडण. २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. आकार २ एमबीच्या पटीत असेल तरच सीमा जुळवायची. दुरुस्ती लहानशी होती, पण कुणीतरी आधी मोजले होते म्हणूनच ती झाली.

म्हणून मोजण्याबद्दल थोडे. ‘पर्फ स्टॅट’ या लिनक्सच्या मोजणी-साधनाने मायनर फॉल्ट, मेजर फॉल्ट आणि डेटा टीएलबीच्या चुका या तिन्हींचे आकडे एकाच धावेत घ्या. प्रोसेसरची वारंवारता स्थिर ठेवा आणि थ्रेड कोअरला बांधा. पेज कॅश रिकामी करून घेतलेली मोजणी आणि गरम कॅशवरची मोजणी वेगवेगळी नोंदवा, त्यांची सरासरी काढू नका. कुलपाचा संशय असेल तर ‘पर्फ लॉक कंटेन्शन’ कोणती हाक किती थांबली ते दाखवते. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि निदान ५ वेळा चालवल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. नव्या कर्नलवर प्रोग्रॅम मंदावला तर सेटिंग चाचपडण्यात आठवडे घालवण्यापेक्षा ‘गिट बायसेक्ट’ करा. दोन लागोपाठच्या आवृत्त्यांत दहा-पंधरा हजार बदल असले तरी दर खेपेला निम्मे वगळत गेल्यावर सुमारे १४ वेळा कर्नल बांधून तपासल्यावर दोषी बदल हाती येतो. त्या बदलाचे नाव, प्रोसेसरचे मॉडेल, ह्यूज पेजची मांडणी आणि आधीचे-नंतरचे आकडे एवढे लिहून कळवले, तर कर्नलच्या मेमरी विभागाचे लोक त्याकडे गांभीर्याने पाहतात.

आपले,
सिस्टिम प्रोग्रॅमिंग करणारे काही वाचक